१८९७ च्या सोल्जरला काय घालायचं? नाशिकमध्ये बसून जुना लष्करी गणवेश शोधण्याची रीत

नाटकात इंग्रज सोल्जर हवा असला की आपल्याकडे ठरलेला माणूस ठरलेल्या दुकानात जातो आणि ठरलेला पोशाख भाड्याने घेऊन येतो. लाल कोट, छातीवर सोनेरी दोऱ्या, खांद्यावर झालरी, पांढरी पँट, गुडघ्यापर्यंत काळे बूट. हाच पोशाख १८१७ च्या खडकीच्या लढाईला चालतो, १८५७ ला चालतो, प्लेगच्या पुण्यातही चालतो आणि लग्नसराईत बँडवाल्यांना तर चालतोच. पुण्यात किंवा मुंबईत कदाचित खपून जाईल. नाशिकमध्ये मात्र जपून राहावं लागतं. देवळाली आणि नाशिकरोड कॅम्पमुळे इथल्या प्रेक्षागृहात कुठल्याही प्रयोगाला दोन-चार निवृत्त फौजी बसलेले असतात, आणि चुकीच्या खांद्यावरची फीत त्यांना दहाव्या रांगेतूनही दिसते.

मी हौशी नाट्यसंस्थांसाठी वेशभूषा करतो. नवीन मुलं-मुली तेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून हे लिहून ठेवतोय. नाटकवाल्यांखेरीज चित्रकार, महानाट्याची मंडळी, छोटी लष्करी मॉडेल्स रंगवणारे यांनाही उपयोग व्हावा. काळ धरलाय साधारण १८७० ते १९०२, आणि सैन्य ब्रिटिश हिंदुस्थानातलं. संस्थानिकांच्या फौजांचा विषय वेगळा आहे, तो इथे घेत नाही.

सोबत काय लागेल

- दोनशे पानी वही. फोनमधल्या नोट्सवर विसंबू नका. स्क्रीनशॉट कुठून घेतला ते महिन्याभरात आठवत नाही.
- आधार कार्डाच्या दोन-तीन झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो.
- संस्थेच्या लेटरहेडवर एक पत्र: कोण, कशासाठी, कुठल्या काळाचा अभ्यास. सही-शिक्क्यासह चार प्रती.
- शिंप्याची टेप आणि भिंग. पितळी बिल्ला पाहताना फोनच्या झूमपेक्षा साधं भिंग बरं.
- कापडाच्या दुकानातून मागून आणलेले नमुन्याचे तुकडे: लाल, गडद निळा, खाकीच्या चार-पाच छटा.
- इंग्रजी वाचू शकणारा एक चिकाटीचा सहकारी. सगळी मूळ कागदपत्रं इंग्रजीत आहेत.

१. चित्र शोधण्याआधी पाच गोष्टी लिहून काढा

साल, गाव, पलटण, हुद्दा, प्रसंग. या पाचही चौकटी भरेपर्यंत इंटरनेट उघडू नका. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लोक आधी सुंदर चित्र शोधतात आणि मग नाटकाचा काळ त्याला चिकटवतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत चालवू. प्लेगच्या काळातलं पुणं. साल १८९७. घरझडत्या मार्च ते मे, म्हणजे ऐन उन्हाळा. झडतीच्या कामावर गोरी पलटण होती ती डरहॅम लाइट इन्फन्ट्री. हुद्दा बहुतेक साधा शिपाई. प्रसंग गल्लीबोळातली मेहनतीची ड्यूटी, संचलन नव्हे. एवढं लिहिल्यावर भडक लाल ट्यूनिकचा, म्हणजे ठेवणीतल्या लाल कोटाचा, प्रश्नच निकालात निघतो. ट्यूनिक परेडसाठी, दरबारासाठी आणि चर्चसाठी. उन्हाळ्यात घरात शिरून सामान उपसणाऱ्या माणसाला खाकी ड्रिलचं हलकं कापड आणि उन्हाची हेल्मेट.

आता त्याच नाटकातला वॉल्टर चार्ल्स रँड. त्याला सर्रास मेजरसारखा गणवेश चढवतात. रँड आयसीएस होता, मुलकी अधिकारी. त्याच्या अंगावर लष्करी पट्टा, तलवार आणि खांद्यावर मुकुट यातलं काहीही नको. रोजच्या कामाला साधा सूट. त्याच्यासोबत मारला गेलेला आयर्स्ट मात्र लष्करी लेफ्टनंट. २२ जून १८९७ ची ती रात्र म्हणजे गणेशखिंडीच्या गव्हर्न्मेंट हाउसमधला राणीच्या राज्यारोहणाच्या साठीचा समारंभ. तिथे आलेल्या लष्करी पाहुण्याला झडतीवरची खाकी शोभणार नाही. एकाच नाटकात, एकाच वर्षात, तीन वेगळे पोशाख झाले की नाही?

तसंच वासुदेव बळवंत फडके पुण्याच्या मिलिटरी अकाउंट्स ऑफिसात कारकून होते. नावात मिलिटरी आहे म्हणून त्यांना गणवेश देणारे दिग्दर्शक आहेत. देऊ नका.

२. सीमारेषेची सालं पाठ करा

गणवेश दरवर्षी बदलत नाही, पण बदलतो तेव्हा आदेशाने बदलतो आणि आदेशाला तारीख असते. ही सालं वहीच्या पहिल्या पानावर लिहा:

१८५५: अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या झालरी बंद. म्हणजे भाड्याच्या दुकानातला तो झालरीचा कोट आपल्या काळात संपूर्णपणे बाद.

१८७७: १ जानेवारीला दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली. राणी-सम्राज्ञीची 'व्ही. आर. आय.' ही तीन अक्षरी मोहोर त्याआधीच्या वस्तूवर असू शकत नाही.

१८७८: इंग्लंडमध्ये पायदळाची जुनी उंच टोपी जाऊन निळ्या कापडाची टोकदार हेल्मेट आली. ही घरच्या, म्हणजे विलायतेतल्या ड्यूटीची. हिंदुस्थानात पांढऱ्या कापडाने मढवलेली उन्हाची हेल्मेट, आणि मोहिमेवर तिच्यावर खाकी खोळ.

१८८०: अधिकाऱ्यांची हुद्द्याची चिन्हं कॉलरवरून खांद्यावर आली.

१८८१: १ जुलैपासून ब्रिटिश पलटणींचे नंबर जाऊन जिल्ह्यांची नावं आली. कॉलर-कफचे रंगही सरसकट केले: इंग्लंड-वेल्स पांढरा, स्कॉटलंड पिवळा, आयर्लंड हिरवा, आणि राजघराण्याचा मान असलेल्यांना निळा. आपल्या डरहॅमवाल्यांचा जुना गडद हिरवा रंग परत मिळाला तो १९०३ मध्ये. म्हणजे १८९७ च्या पुण्यात त्यांच्या लाल कोटाला पांढरी कॉलर. इंटरनेटवर हिरव्या कॉलरचे कोट भरपूर सापडतात. ते एकतर १८८१ आधीचे किंवा १९०३ नंतरचे.

१८८५: हिंदुस्थानात सेवेवर खाकी हा नियम झाला. खाकी त्याआधीही होती. पंजाबात लम्सडेनच्या 'गाइड्स' पलटणीने ती १८४० च्या दशकातच घातली आणि दुसऱ्या अफगाण युद्धात (१८७८-८०) पांढरं ड्रिल रंगवून वापरलं गेलं. न जाणारा पक्का खाकी रंग १८८४ च्या सुमाराला आला. त्याआधीची खाकी चहा, कॉफी, चिखल, जे हाताशी असेल त्याने रंगवलेली. त्यामुळे १८७९ च्या दृश्यात दहा शिपाई दहा छटांचे दिसले तर ते बरोबरच आहे.

१८९५: १ एप्रिलपासून मुंबई, मद्रास, बंगाल अशी इलाख्यांची वेगळी सैन्यं कागदोपत्री संपली. 'बॉम्बे आर्मी' हा शब्द १८९७ च्या संवादात आला तर लेखकाला हळूच विचारा.

१९०२ आणि १९०३: हे दोन आकडे सगळ्यात घातकी. १९०२ मध्ये अधिकाऱ्यांचे स्टार बदलले. त्याआधी सेकंड लेफ्टनंटच्या खांद्यावर काहीच नव्हतं, लेफ्टनंटला एक स्टार, कॅप्टनला दोन. १९०२ नंतर अनुक्रमे एक, दोन, तीन. आजही आपल्या लष्करात लेफ्टनंटला दोन आणि कॅप्टनला तीनच स्टार असतात. म्हणून देवळालीच्या एखाद्या निवृत्त कॅप्टनसाहेबांनी तुम्हाला १८९७ च्या कॅप्टनसाठी तीन स्टार सांगितले, तर ते आपल्या काळाचं बरोबर सांगतायत. तुम्ही दोनच लावा. आणि १९०३ मध्ये सरसेनापती किचनरने देशी पलटणींचे नंबर बदलले, मुंबईच्या पायदळाला शंभराची भर पडली. तिसरी बॉम्बे लाइट इन्फन्ट्री १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली, दहावी ११० वी झाली. चित्राखाली तीन आकडी नंबर आणि 'मराठा' असं दिसलं की ते १९०३ नंतरचं, मग ते कितीही छान रंगवलेलं असो.

नाशिककरांना जॅक्सनच्या वधावर काही करायचं असतं, विजयानंद थिएटर आपल्याच गावातलं. ती तारीख २१ डिसेंबर १९०९. म्हणजे वर लिहिलेले सगळे बदल होऊन गेल्यानंतरची. प्लेगच्या नाटकासाठी शिवलेला अधिकारी तिथे उभा करणं म्हणजे पेशवाईच्या दृश्यात गांधीटोपी घालण्यासारखं. जॅक्सन स्वतः कलेक्टर, मुलकी माणूस, हेही विसरू नका.

३. आधी नियमाचं पुस्तक, मग फोटो

ब्रिटिश लष्कर अधिकाऱ्यांच्या पोशाखासाठी 'ड्रेस रेग्युलेशन्स' नावाचं अधिकृत पुस्तक काढत असे. आपल्या काळाला उपयोगी आवृत्त्या १८७४, १८८३, १८९१, १८९४ आणि १९०० च्या. जुन्या आवृत्त्या इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी शोधा, बघायला पैसे पडत नाहीत. नाटकाच्या सालाच्या लगेच आधीची आवृत्ती घ्या. १८९७ साठी १८९४. हिंदुस्थानातल्या सैन्यासाठी 'आर्मी रेग्युलेशन्स, इंडिया' या मालिकेत पोशाखाचा वेगळा खंड होता, तोही शोधा.

हे पुस्तक कंटाळवाणं आहे. चित्रं कमी, एकेका पलटणीची बारीक अक्षरातली वर्णनं. पण कफची उंची, फितीची रुंदी, बटणांमधलं अंतर, सगळं इंचात दिलेलं असतं. शिंप्याच्या हातात फोटो देण्याऐवजी या मापांचा मराठी तक्ता द्या.

त्याच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवा. एक, ते अधिकाऱ्यांपुरतं आहे. साध्या शिपायाचा गणवेश सरकारी कोठारातून यायचा, त्याचे नियम वेगळे. दोन, नियम म्हणजे वस्तुस्थिती नव्हे. अधिकारी पदरच्या पैशाने कपडे शिवून घेत आणि जुना कोट फाटेपर्यंत वापरत. नियम बदलल्यावर वर्ष-दोन वर्षं दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी दिसू शकतात.

शोधताना जुनं इंग्रजी स्पेलिंग वापरा. पूना, नासिक, किरकी, आणि मराठा हा शब्द एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असा. आजच्या स्पेलिंगने निम्मी कागदपत्रं हाती लागत नाहीत.

४. फोटो वाचायला शिका

ही खरी मजेची पायरी. फोटो पाहणं वेगळं, वाचणं वेगळं.

पहिली गोष्ट रंगाची. त्या काळच्या काचेच्या प्लेटांना निळा प्रकाश चटकन 'दिसायचा' आणि लाल जवळजवळ दिसायचाच नाही. त्यामुळे लाल कोट फोटोत काळपट येतो, पिवळी कॉलरही गडद येते, आणि निळं कापड प्रत्यक्षापेक्षा फिकट. काळा कोट पाहून रायफल पलटणीचा गडद हिरवा समजायचा आणि तसा शिवून मोकळं व्हायचं, हा नेहमीचा सापळा. तो टाळायला एक युक्ती आहे. फोटोतल्या माणसाच्या छातीवर पदक असेल तर त्याची फीत पाहा. १८५४ च्या इंडिया जनरल सर्व्हिस मेडलची फीत लाल, त्यावर दोन निळे पट्टे. दुसऱ्या अफगाण युद्धाच्या पदकाची हिरवी, कडा किरमिजी. फितीचे रंग आपल्याला नक्की ठाऊक आहेत, तेव्हा त्या फोटोत लाल किती गडद आलाय आणि निळा किती फिकट, हे तिथेच मोजता येतं. मग तोच हिशेब कोटाला आणि कॉलरला लावा.

पदकं तारखेलाही उपयोगी. अफगाण युद्धाचं पदक १८८१ मध्ये मंजूर झालं. छातीवर ते असेल तर फोटो त्यानंतरचा. उलट बाजूने, १८७९ च्या दृश्यातल्या नटाला ते लावता येत नाही, जरी त्याचं पात्र त्या युद्धातून नुकतंच परतलेलं असलं तरी.

दुसरी गोष्ट, फोटो उलटा नाही ना ते बघा. थेट धातूच्या पत्र्यावर किंवा काचेवर घेतलेल्या काही जुन्या फोटोंत डावं-उजवं आरशासारखं उलटतं. पदकं डाव्या छातीवर आणि तलवार डाव्या कमरेला असायला हवी. दोन्ही उजवीकडे असतील तर आधी फोटो फिरवून घ्या, मगच फीत कुठल्या खांद्यावरून जाते ते ठरवा. अधिकाऱ्याचा किरमिजी शेला डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे, सार्जंटचा उजव्या खांद्यावरून डावीकडे. उलट्या फोटोमुळे सार्जंटला बढती मिळते.

तिसरी, फोटो कुठे काढलाय? स्टुडिओत माणूस ठेवणीतले कपडे घालून जातो. आपल्याला हवा असतो रोजचा. म्हणून स्टुडिओच्या फोटोवरून कापड आणि बटणं घ्या, आणि अंगावर कपडा कसा बसतो, किती मळतो, बाही किती दुमडलेली असते, हे उघड्यावरच्या फोटोंवरून. जॉन बर्कने दुसऱ्या अफगाण युद्धात काढलेले फोटो यासाठी उत्तम. मुंबईच्या प्लेगचे १८९६-९७ मधले फोटो लंडनच्या वेलकम कलेक्शनच्या साइटवर पाहायला मिळतात. आपल्या उदाहरणासाठी तिथे एक दुपार घालवाच. स्टुडिओच्या फोटोचा पुठ्ठाही वाचा. लाला दीनदयाळांचा मुंबईचा स्टुडिओ १८९६ मध्ये सुरू झाला, तेव्हा पुठ्ठ्यावर तो पत्ता असेल तर फोटो त्याआधीचा नाही.

रंगीत चित्रांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. चित्रकार रिचर्ड सिमकिन किंवा ए. सी. लव्हेट यांची चित्रं देखणी आहेत आणि सगळीकडे सापडतात, म्हणून लोक त्यांच्यावरूनच थेट शिवायला घेतात. लव्हेटची हिंदुस्थानी पलटणींची प्रसिद्ध चित्रं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या शेवटाकडची. सिमकिन आपल्या जन्माआधीच्या काळाचेही गणवेश रंगवी. त्या चित्रांवरून रंगाची छटा घ्या, पण निर्णय फोटोवर आणि नियमावर सोडा. लंडनच्या सचित्र साप्ताहिकांतल्या चित्रांचं असं की रणांगणावरून कच्चं रेखाटन जायचं आणि तपशील लंडनमधला कोरणारा भरायचा. घोडे छान असतात, बटणांवर विश्वास ठेवू नका.

आणि हल्ली संगणकाने रंगवलेले जुने फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात. ते यंत्र लाल कोटाला निळा किंवा काळा करून टाकतं, कारण त्याला फक्त गडदपणा दिसतो. मूळ काळा-पांढरा फोटो मिळत नसेल तर तो पुरावा धरू नका.

५. देशी पलटणीचा शिपाई

मराठी नाटकात गोऱ्यांपेक्षा आपली माणसं जास्त असतात, आणि त्यांच्याबद्दल माहिती मात्र कमी. काही पक्क्या गोष्टी सांगतो.

१८५७ नंतर देशी पलटणींना मुद्दाम एक पिढी जुनी बंदूक देत. १८९७ मध्ये गोऱ्या शिपायाकडे ली-मेटफर्ड, तर देशी शिपायाकडे बहुधा मार्टिनी-हेन्री. रंगमंचावर दोघांच्या हातात एकच लाकडी बंदूक दिली की जाणकाराला खटकतं. मार्टिनीला खाली लोखंडी तरफ असते आणि पुढे मॅगझिनची पेटी नसते. सुताराला एवढं सांगितलं तरी फरक दिसतो.

हुद्दे नीट समजून घ्या. नाईक आणि हवालदार यांच्या दंडावर फिती. जमादार आणि सुभेदार हे अधिकारी, त्यांच्या दंडावर फिती नसतात, कमरेला तलवार असते. सुभेदार रामजी सकपाळांचं पात्र उभं करताना त्यांच्या बाहीवर तीन फिती शिवणारे मी पाहिलेत. बाबासाहेबांच्या वडिलांना हवालदार करून ठेवलं, असा त्याचा अर्थ होतो. महारांची भरती १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबवली गेली, तेव्हा १८९७ मध्ये नव्याने भरती झालेला महार शिपाई दाखवायचा असेल तर लेखकाशी आधी बोला. जुना किंवा निवृत्त असेल तर हरकत नाही.

फेटा हा सगळ्यात अवघड भाग. तो पलटणीप्रमाणे बदलायचा, आणि एकाच पलटणीत जातवार कंपन्यांप्रमाणेही. नाशिकच्या लग्नात बांधतात तो कोल्हापुरी फेटा इथे चालत नाही, तुरा तर मुळीच नको. ज्या पलटणीचं नाव तुम्ही पहिल्या पायरीत लिहिलंय, तिचाच त्या दशकातला फोटो मिळेपर्यंत थांबा. नाहीच मिळाला, तर साधा, घट्ट, कमी उंचीचा खाकी फेटा बांधा आणि पुढे चला.

पायाच्या पट्ट्यांचंही एक आहे. साधारण चार इंच रुंद आणि नऊ फूट लांब पट्टी. पायदळाचा शिपाई ती घोट्यापासून वर गुंडाळतो, नाडी गुडघ्याखाली बांधतो. घोडेस्वार गुडघ्याकडून खाली, नाडी घोट्याशी. सगळ्या नटांना आठवडाभर आधी सरावाला द्या, नाहीतर दुसऱ्या अंकात कुणाची तरी पट्टी सुटून रंगमंचावर लोळते.

६. कुठे जायचं

नाशिकमध्ये सुरुवात सार्वजनिक वाचनालयातून. १८४० पासूनची संस्था, जुना इंग्रजी संग्रह आहे. मुंबई गॅझेटिअरचा नाशिक जिल्ह्याचा खंड १८८३ चा. त्यात गणवेश सापडणार नाही, पण जिल्ह्यात फौज कुठे आणि कशासाठी होती ते कळतं. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होईल: देवळाली तेव्हा मुक्कामाची छावणी होती. मुंबईला जहाजातून उतरलेले आणि मायदेशी परतणारे सोल्जर थंडीच्या मोसमात तिथे थांबत. 'देवळालीची पलटण' अशी काही नव्हती. १८८० च्या हिवाळ्यातली देवळाली दाखवायची तर वेगवेगळ्या पलटणींचे, नवे-जुने कपडे घातलेले लोक एकत्र दाखवा.

नाशिकरोड कॅम्पातलं तोफखान्याचं संग्रहालय तोफांसाठी आणि त्या शाखेच्या इतिहासासाठी पाहण्यासारखं. लष्करी हद्द आहे. आधी लेखी परवानगी, ओळखपत्र, आणि फोटो काढू देतात का ते गेटवरच विचारा.

मुंबईला सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून जा. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, तिथे ते संस्थेचं पत्र कामाला येतं. पहिल्या दिवशी सूची चाळण्यातच वेळ जातो, हे धरून चला. टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटीची लायब्ररीही जवळच. वेळ उरला तर कुलाब्याचं अफगाण चर्च: भिंतीवरच्या स्मृतिफलकांवर पलटणींची त्या काळची नेमकी नावं वाचायला मिळतात. मराठा पलटणींवर काम करणार असाल तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राला आधी पत्र लिहा, मग जा. घरबसल्या लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमचा ऑनलाइन संग्रह चाळा. प्रत्यक्ष कोटांचे फोटो तिथे आहेत आणि रंग विश्वासार्ह.

७. शिवून घेणं

कॅम्पातले लष्करी शिंपी हाताने पक्के, पण हात आजच्या गणवेशाला सरावलेला. इतर मास्तर सवयीने ब्लेझर कापतात. दोघांनाही आधीच सांगायच्या गोष्टी: खांद्यात पॅड नको. बगल वर आणि घट्ट. कॉलर उभी, पडलेली नाही. पँट बेंबीपर्यंत उंच, कारण कोट आखूड असतो आणि आजची खाली बसणारी पँट घातली की नटाने हात वर केल्याबरोबर शर्ट दिसतो. चेन नको, बटणं.

मूळ लाल कोट लोकरीचा. पुरी लोकर परवडत नाही आणि कालिदास कलामंदिरात दिव्यांखाली नट त्यात टिकणारही नाही. कापड पेठेत किंवा मेन रोडला जाडसर, चमक नसलेलं, बनातीसारखं दिसणारं मिश्र कापड मागा. सॅटिन, टेरिकॉट, काहीही चकाकणारं नको. उजेड पडला की बँडपथक दिसतं.

खाकी निवडताना पोलिसांची खाकी टाळा. प्रेक्षकाला सोल्जर दिसण्याऐवजी हवालदार दिसतो. मी पांढरं सुती ड्रिल आणून आधी धुवून आटवून घेतो, मग तुरटी घालून चहाच्या पाण्यात उकळतो. आधी वीतभर तुकड्यावर करून पाहा. सगळे कोट एकाच भांड्यात एकाच वेळी घातले तर छटा सारखी येते, आणि ती सारखी यावी की नाही हे साल ठरवेल.

बटणं आणि बिल्ले भांडी बाजारातल्या कारागिरांकडून पितळेत करून घेता येतात. मुकुटाचा आकार मात्र पक्का पाहून द्या. व्हिक्टोरियाचा मुकुट वरून चपटा आणि बाजूंनी कोनात वळलेला, १९०१ नंतरच्या राजांचा घुमटासारखा गोल. चोरबाजारात 'व्हिक्टोरियाच्या काळचे' म्हणून मिळणारे बिल्ले पुष्कळदा नव्याने ओतलेले असतात. कडा बोथट, मागे कानशीचे ताजे ओरखडे. खरे असतील तर शंभर वर्षांवरच्या वस्तूंना पुरावस्तूंचा कायदा लागू होतो, खरेदीआधी विक्रेत्याकडे परवाना आहे का ते विचारा. नाटकाला खऱ्याची गरज नाही.

८. कायद्याचं थोडं

आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं म्हणून सैनिकाचा गणवेश घालणं हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे गुन्हा आहे. १८९७ चा पोशाख कुणाला आजचा वाटणार नाही, पण बाजारात मिळतात म्हणून आजच्या लष्कराचे बिल्ले, फिती, टोप्या त्यावर लावू नका. तालमीहून घरी जाताना कपडे बदला. बंदुका लाकडी, तलवारी बोथट ॲल्युमिनियमच्या. शोभायात्रेत वापरणार असाल तर आयोजकांकरवी पोलीस ठाण्याला आधी कळवा.

९. वहीचं शेवटचं पान

प्रत्येक पोशाखासाठी एक पान करा. कोट, टोपी, पट्टा, हुद्द्याचं चिन्ह, बूट. प्रत्येकासमोर 'कशावरून': नियम, फोटो की अंदाज. जिथे अंदाज केलाय तिथे सरळ 'अंदाज' लिहा. दिग्दर्शक, परीक्षक किंवा तिसऱ्या रांगेतले फौजी काका विचारायला आले की हे पान पुढे करायचं. नंतर नवा फोटो सापडला तर नेमकं काय बदलायचं तेही यातूनच कळतं.

तीच माहिती थोडक्यात कोटाच्या आत अस्तरावर लावा: साल, पलटण, हुद्दा, कुणाच्या मापाचा. पट्टी सुती कापडाची, दोऱ्याने शिवलेली आणि न जाणाऱ्या शाईने लिहिलेली हवी. चिकटवलेली पट्टी पहिल्याच धुण्यात निघते.